स्टिअरिंग कुणाच्या हातात?

पुण्याहून भोरमार्गे महाडला उतरताना वरंधा घाट लागतो. वळणं सुरू झाली की मागच्या सीटवरचं कुणीतरी एकदम गप्प होतं. खिडकीची काच खाली येते, आल्याची वडी नाहीतर लिंबू हातोहात मागे जातं, आणि आणखी चार वळणांनंतर गाडी कडेला उभी करावी लागते. आंबोलीत हेच, ताम्हिणीत हेच, कुंभार्लीत हेच. गाडी लागणारं एखादं माणूस बहुतेक घरांत असतं. पण गाडी चालवणाऱ्यालाच गाडी लागली, असं सहसा कुणी पाहिलेलं नसतं. मागे बसल्यावर ज्याचं पोट ढवळतं, तोच माणूस स्टिअरिंगवर बसला की त्याच घाटातून ठणठणीत खाली उतरतो.

रोल्निक आणि लुबो या इस्रायली संशोधकांनी १९९१ साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी माणसांच्या जोड्या केल्या आणि त्यांना गरगर फिरवलं. फिरण्याचं नियंत्रण जोडीतल्या एकाच्याच हातात होतं, अंग मात्र दोघांचं सारखंच फिरत होतं. ज्याच्या हातात नियंत्रण नव्हतं त्याला मळमळ जास्त झाली. खुर्ची तीच, फिरणं तेच. फरक फक्त ताब्याचा.

गाडीच्या ओढीबद्दल बोलताना वेग, दिमाख, सौंदर्य, स्वातंत्र्य या गोष्टी पुढे येतात, आणि त्या खऱ्याच आहेत. पण घाटातली ती मळमळ मला त्यांच्याही मुळाशी घेऊन जाते. आपण जात आहोत आणि हे जाणं आपल्या हातात आहे, हा दिलासा आधी शरीराला मिळतो, मनाला नंतर. नोकरदार माणसाच्या दिवसात त्याच्या हातात असं किती असतं? लोकलची वेळ रेल्वे ठरवते, रजा साहेब ठरवतो, फ्लॅटचा हप्ता बँक ठरवते, लग्नकार्यात कुणी कुठे बसायचं ते घरातली मोठी माणसं ठरवतात. गाडीत मात्र उजवा पाय जरासा दाबला की हजारभर किलोचं यंत्र त्याच क्षणी ऐकतं. इतकं तत्काळ ऐकणारं दुसरं काही आपल्या आयुष्यात नसतं. माझं म्हणणं असं आहे की गाडीचं वेड हे या ताब्याचं वेड आहे, आणि आपल्या रस्त्यांवरच्या पुष्कळ मृत्यूंमागेही याच ताब्याचा भास आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही कळत नाहीत.

*

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतले पहिले दिवस क्लच, गिअर आणि भीती यांतच जातात. शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली स्वतंत्र ब्रेक असतो, मागून हॉर्न वाजत असतात आणि सिग्नल सुटल्या सुटल्या गाडी बंद पडते. चढावर ‘हाफ क्लच’वर गाडी धरता आली की निम्मी लढाई जिंकली असं मानतात. उरलेल्या निम्म्याला या धंद्यात ‘जजमेंट’ म्हणतात. ते शिकवून येत नाही, चालवून येतं. डावं चाक खड्ड्यापासून किती लांब आहे, समोरचा टेम्पो आणि दुभाजक यांच्यामधून आपण निघू की नाही, हे एके दिवशी डोळ्यांनी न मोजताच समजायला लागतं.

त्या दिवशी मेंदूत काय घडलेलं असतं, याचा एक धागा जपानी शास्त्रज्ञ अत्सुशी इरिकी यांच्या १९९६ सालच्या कामात सापडतो. त्यांनी माकडांना लांब दांड्याच्या दाताळ्यानं खाऊ जवळ ओढायला शिकवलं. हाताजवळची जागा ओळखणाऱ्या काही चेतापेशी माकडांच्या मेंदूत असतात. दाताळं वापरायची सवय झाल्यावर त्या पेशी दाताळ्याच्या टोकापर्यंतची जागाही हाताजवळचीच मानू लागल्या. मेंदूच्या हिशेबात हात तेवढा लांब झाला होता. ज्याला आपण जजमेंट म्हणतो तेही याच जातीचं असावं. बंपरपासून डिकीपर्यंत आपलं अंग पसरतं. तळघरातल्या पार्किंगच्या बुटक्या कमानीखालून जाताना गाडीत बसलेला माणूस नकळत मान खाली घालतो. डोक्यावर पत्र्याचं छत आहे हे त्याला ठाऊक असतं, तरी मान वाकते.

म्हणूनच पार्किंगमध्ये कुणी ओरखडा काढला तर तो राग नुकसानीच्या रकमेत मावत नाही. विम्याचे पैसे मिळतात, गॅरेजवाला रंग जुळवून देतो, तरी दोन दिवस चैन पडत नाही. अंगावर ओरखडा उठावा तसं ते असतं.

या पसरलेल्या अंगाला आपण चेहराही देतो. व्हिएन्ना विद्यापीठातल्या सोन्या विंडहागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चाळीस जणांना त्यांनी मोटारींची समोरून घेतलेली चित्रं दाखवली आणि यात चेहरा दिसतो का, असं विचारलं. पुष्कळांना दिसला: दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे नाक किंवा तोंड. त्यांनी त्या चेहऱ्यांना वय दिलं, स्वभाव दिला, कुठला प्रेमळ आणि कुठला उर्मट तेही सांगितलं. पसंती साधारणपणे रुंद, बसक्या, बारीक डोळ्यांच्या आणि दरारा वाटेल अशा चेहऱ्यांना मिळाली. पुढे इथिओपियातल्या लोकांना विचारल्यावरही उत्तरं बरीचशी जुळली. तेव्हा हे खूळ एखाद्या श्रीमंत शहरापुरतं नाही.

आपल्याकडे हे सांगायला प्रयोगशाळाही लागत नाही. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली आणि लिंबू-मिरची बांधणाऱ्या माणसानं गाडीला चेहरा आहे हे कधीच मान्य केलेलं असतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा चेहरा आठवा. गोल दिवे, मधे चौकटीची जाळी, थोडा विस्फारलेला, भाबडा चेहरा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असल्यामुळे पुढे तिघं दाटीवाटीनं बसत. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी २००३च्या ऑक्टोबरअखेर नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखासारखे लेख लिहिले आणि एखादी तरी पद्मिनी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. आज बाजारात येणाऱ्या गाड्यांकडे पाहा. डोळे बारीक, कपाळाला आठ्या, जबडा मोठा. गेल्या काही वर्षांत भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्या उंच, धिप्पाड एसयूव्ही वर्गातल्या आहेत. आपल्या रस्त्यांवरचे चेहरे रागीट झाले आहेत, आणि ते आपण पैसे मोजून निवडले आहेत.

*

गाडीचं आणखी एक सुख आहे, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून इंजिन बंद केल्यावरही काही माणसं लगेच उतरत नाहीत. गाणं संपेपर्यंत बसतात, किंवा नुसतीच बसतात. वर तीन खोल्यांत पाच माणसं असतात आणि दार उघडल्याबरोबर मुलगा, बाप, नवरा अशी सगळी नाती एकदम अंगावर येणार असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोथलोरियन रेडमंड आणि पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी नोकरदारांना विचारलं होतं की घर ते कचेरी हा प्रवास आदर्शपणे किती वेळाचा असावा. शून्य मिनिटं असं उत्तर देणारे अगदी थोडे निघाले. सरासरी आली सोळा मिनिटांच्या आसपास. घर आणि काम यांच्यामध्ये माणसाला थोडी मोकळी जागा हवी असते. ज्या शहरात दार लावून घेता येईल अशी खोली दुर्मीळ आहे, तिथे चार दारांची ती खोली जास्तच प्रिय होते.

याच बंद खोलीची दुसरी बाजूही नोंदली गेलेली आहे. अमेरिकेत १९९५ साली सिग्नलवर मुद्दाम गाडी अडवून धरण्याचा एक प्रयोग झाला. मागे छत उघडणाऱ्या गाड्या असतील असे क्षण त्यात निवडले होते. ज्यांचं छत बंद होतं ते लवकर, जास्त वेळा आणि जास्त वेळ हॉर्न वाजवत राहिले. ज्यांचं छत उघडं, म्हणजे ज्यांचा चेहरा लोकांना दिसत होता, ते सबुरीनं वागले. एरवी जिन्यात दुसऱ्याला वाट करून देणारा सभ्य माणूस काचेआड गेल्यावर पुण्यातल्या नळ स्टॉपच्या चौकात तोंडाला येईल ते बोलतो, त्याचं हे एक कारण आहे.

*

आता दिमाखाकडे येऊ. महाराष्ट्रात त्याचा हक्काचा दिवस म्हणजे दसरा.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्यानं नांगराची, सुतारानं रंध्याची, सैनिकानं शस्त्राची करायची पूजा आता ट्रॅक्टर, रिक्षा, एसटी आणि मोटारीपर्यंत आली आहे. आगारात एसटीच्या काचेवर झेंडूचं तोरण चढतं. शोरूमबाहेर नव्या गाड्या सॅटिनच्या कापडाखाली झाकून ओळीनं उभ्या असतात. कुटुंब येतं, कापड ओढलं जातं, टाळ्या पडतात. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं, चाकाखाली लिंबू चिरडतं, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. कोल्हापुरात तर दसरा चौकातल्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. राजाराम महाराजांच्या काळात, १९३०च्या दशकात जर्मनीत बनलेली ही गाडी पाहण्यासाठी माणसं आजही लेकरांना खांद्यावर घेऊन उभी राहतात. वाहनाची मिरवणूक ही आपल्याकडे मोटारीबरोबर आलेली गोष्ट नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणारा, झूल घालणारा, त्याला पुरणपोळी भरवणारा हाच समाज आहे. गाड्याला जुंपलेल्या बैलावर घराची पत ठरायची. शर्यतीच्या खोंडाला आजही मोटारीपेक्षा जास्त किंमत येते, आणि गावात त्याची ओळख मालकाच्या नावानं नाही तर मालकाची ओळख त्याच्या नावानं असते.

पत मोजण्याचं हे माप रस्त्यावर किती चोख चालतं, ते अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस यांनी कॅलिफोर्नियात मोजलं. त्यांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाला तरी त्यांची गाडी जागची हलायची नाही. कधी ती नवी कोरी, महागडी क्राइसलर असे, कधी जुनाट, मळकी गाडी. जुन्या गाडीमागे अडकलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला. महाग गाडीमागे अडकलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी. दोघांनी तर जुन्या गाडीला मागून धक्काही दिला. गाडीतला माणूस कोण आहे हे मागच्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पत्र्याला मान दिला.

हे गणित आपल्याला उपजत येतं. मोटारीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, पण मंत्र्यापासून तालुक्याच्या पुढाऱ्यापर्यंत पांढऱ्या स्कॉर्पिओ-फॉर्च्युनरच्या रांगा राहिल्या. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीला ०००१ हा क्रमांक हवा असेल तर २०२४ पासून सहा लाख रुपये भरावे लागतात, आणि ते भरणारे आहेत. एवढ्या पैशांत एक साधी नवी मोटार येते.

आणि इथेच नॅनोची गोष्ट सांगायला हवी, कारण गाडी आणि माणूस यांच्या नात्यावर आपल्या देशात याहून मोठा प्रयोग झालेला नाही. पावसात स्कूटरवरून जाणारं कुटुंब रतन टाटांनी पाहिलं. बाप चालवतोय, पुढे एक मूल उभं, मागे आई, तिच्या मांडीवर दुसरं. या कुटुंबाला परवडेल अशी सुरक्षित गाडी द्यायची, हे त्यांनी मनावर घेतलं. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या अभियंत्यांनी पुण्यात ती घडवली. इंजिन मागे, फक्त ६२४ सीसीचं, एकच वायपर, चाकाला तीनच नट. जिथे म्हणून रुपया वाचवता येईल तिथे वाचवला आणि तरीही चार माणसं ऐसपैस बसतील अशी जागा ठेवली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती पडद्याबाहेर आली तेव्हा जगभरच्या वृत्तवाहिन्या तिथे होत्या. सिंगूरच्या आंदोलनामुळे कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, किंमतही कबूल केलेल्या एका लाखाच्या वर गेली. पण हे सगळं धरूनही हिशेब लागत नाही. वर्षाला अडीच लाख गाड्या बनवू शकणाऱ्या कारखान्यातून सर्वांत चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, ७४ हजारांच्या आसपास नॅनो विकल्या गेल्या. जून २०१८ मध्ये एकच नॅनो बनली.

टाटांनी स्वतःच पुढे सांगितलं की ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही ओळख तिला भोवली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या लिंडा स्टेग यांच्या अभ्यासात याचं उत्तर आहे. माणसं गाडी का वापरतात याची कारणं त्यांनी तपासली. गाडीची सोय, गाडीतून मिळणारी भावना आणि गाडीनं लोकांना दिसणारी आपली प्रतिमा अशी ती कारणं वेगळी काढली. कामावर जाण्यासाठी गाडी वापरण्याच्या बाबतीत सोयीपेक्षा भावना आणि प्रतिमाच जास्त बोलत होत्या, असं त्यांना २००५च्या अभ्यासात आढळलं. नॅनोनं गरज पूर्ण केली होती. पण स्कूटरवरच्या त्या कुटुंबाला गाडीबरोबर एक निरोपही पाठवायचा होता: सोसायटीला, साडूला, गावाकडच्या भावकीला. नॅनो तो निरोप पोचवत नव्हती. उलट ‘यांना एवढंच परवडलं’ असं सांगत होती. म्हणून लोकांनी तीन वर्षं जुनी मारुती घेतली, नाहीतर आणखी काही पावसाळे स्कूटरवरच काढले. मारुती ८०० चंही असंच झालं असतं, पण तिचं दैव वेगळं होतं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली किल्ली दिली गेली तेव्हा ती रांगेत उभं राहून मिळवायची नवलाई होती, स्वस्त म्हणून कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

नॅनोचा विचार करताना मला वाईट वाटतं. महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात १५ हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली, आणि मरणाऱ्यांत दुचाकीवरची माणसं सर्वांत जास्त असतात. डोक्यावर छप्पर आणि चारी बाजूंनी पत्रा देणारी, परवडणारी गाडी पुण्यात घडली आणि आपण ती लाजेपोटी नाकारली.

*

ताब्याच्या सुखाकडून आता ताब्याच्या भासाकडे.

स्वीडनच्या ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं की इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी किती कुशलतेनं चालवता. अमेरिकेतल्या ९३ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं, स्वीडनमधल्या ६९ टक्क्यांनी. वरच्या अर्ध्यात अर्धीच माणसं मावतात. ब्रिटनमधल्या फ्रँक मॅकेना यांनी १९९३ साली यात एक बारकावा जोडला. आपण गाडी चालवत असू तर अपघाताचा धोका इतरांपेक्षा कमी आहे असं लोकांना वाटलं, पण आपण शेजारी बसलो असू तर तसं वाटलं नाही. म्हणजे हा भाबडा आशावाद नाही, स्टिअरिंग हातात असल्याचा भ्रम आहे. शेजारी बसलेला माणूस रिकाम्या जागी ब्रेक दाबतो, आणि चालवणारा म्हणतो, ‘अरे, मी आहे ना.’

हा भ्रम सोयींनी कमी होत नाही, वाढतो. म्यूनिकमध्ये १९८०च्या दशकात एका टॅक्सी कंपनीच्या काही गाड्यांना एबीएस ब्रेक बसवले, काहींना नाही. बाकी सगळं सारखं. चांगल्या ब्रेकच्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. त्यांचे चालक वळणं जोरात घेऊ लागले, पुढच्या गाडीला जास्त चिकटून चालवू लागले. मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगावर खर्च केली. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांचं म्हणणं होतं की प्रत्येक माणूस मनात धोक्याची एक पातळी धरून असतो आणि धोका कमी झाला की तो त्या पातळीपर्यंत पुन्हा वर जातो. या सिद्धान्तावर बरेच वाद आहेत आणि तो सगळीकडे लागू पडत नाही. पट्ट्यानं आणि एअरबॅगनं माणसं वाचतात, यात शंका नाही. पण सहा एअरबॅग आणि पाच तारे पाहून घेतलेल्या गाडीचा काटा द्रुतगती मार्गावर कुठे जातो, हे ज्याचं त्यानं आठवावं.

समृद्धी महामार्गावर हा प्रश्न वेगळं रूप घेतो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पोचला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. सरळ, रुंद, मोकळा रस्ता. ना सिग्नल, ना गुरं, ना समोरून अंगावर येणारा ट्रक. ज्या चालकाची सगळी हुशारी खड्डे चुकवण्यात आणि कट मारण्यात तयार झाली, त्याच्या मेंदूला इथे करायला काही उरत नाही. डोळे उघडे राहतात, हात चाकावर राहतात, पण ध्यान सुटतं. यालाच रस्त्याचं संमोहन म्हणतात. मागचे वीस किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, असा अनुभव येतो तो हाच. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या अपघाताच्या कारणांवर मतं वेगवेगळी आली. पण या रस्त्यावर दर दीड-दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चालणं, हा चालकाचा कमीपणा नाही. तसा तो मानला जातो, हीच अडचण आहे. ‘नागपूरहून एका दमात आलो’ हे आपण कौतुकानं सांगतो आणि ऐकणारे कौतुकानं ऐकतात.

तरुण मुलांच्या बाबतीत हा भास आणखी धारदार होतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली मुलांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी कधी थांबवायची, एवढंच ठरवायचं होतं. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. मित्र पाहत असताना मात्र त्यांनी घेतलेला धोका खूप वाढला. चोविशीपुढच्यांवर मित्रांचा तसा परिणाम झाला नाही. मॉन्ट्रिअलमध्ये गॅड साद आणि जॉन वोंगास यांनी ३९ तरुणांना, कुणाला आधी पोर्शे तर कुणाला आधी जुनी टोयोटा, अशा क्रमानं दोन्ही गाड्या चालवायला दिल्या, तेव्हा पोर्शे चालवल्यावर त्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आढळलं. ३९ ही संख्या लहान आहे आणि मी त्यावर फार मोठी इमारत उभी करणार नाही. पण १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे झालं, त्यात हे सगळे धागे एकत्र होते: सतरा वर्षांचा मुलगा, मित्र, रात्र, दारूचा आरोप, आणि वडीलधाऱ्यांनी हातात येऊ दिलेली पोर्शे. दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. सुरुवातीला जामिनाच्या अटींत अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध होता, त्यावर देशभर संताप झाला आणि तो योग्यच होता. मात्र त्या संतापात एक गोष्ट मागे राहिली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या बदलानुसार अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा पोर्शेला लागू आहे तसाच क्लासला स्कूटर घेऊन जाणाऱ्या नववीतल्या मुलालाही लागू आहे. त्या मुलाला किल्ली देणारे आपणच असतो.

*

शेवटी ज्या प्रश्नापासून हे सगळं सुरू झालं, त्याच्याकडे वळतो. घाटात मागे बसून गाडी लागणारं माणूस बहुतेक वेळा कोण असतं? बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो असं पाहण्यांतून दिसलं आहे आणि त्याला शरीराचीही कारणं आहेत. पण घरातलं स्टिअरिंग पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या हातात राहिलं, हेही त्यात मोजायला हवं.

मोटारीचा इतिहास पाहिला तर हे फार चमत्कारिक वाटतं. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं, पण लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था यांनी नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून शंभरएक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला, आपल्या माहेरी, गाडी नेली. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं मारून घेतलं. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास हा असा झाला, माहेरी जायला निघालेल्या बाईच्या हातून.

पुण्यानं याची आपली आवृत्ती पाहिली आहे. १९७२ साली फिरोदियांची लुना आली आणि १९८४ साली गिअर नसलेली, बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा. ओढणी तोंडाला बांधून कॉलेजला, बँकेत, भाजीला जाणाऱ्या मुली आणि बायका या गाड्यांनी रस्त्यावर आणल्या. त्यांना कुणी सोडायला आणि आणायला यायची गरज संपली. त्या पिढीतल्या कुठल्याही बाईला पहिल्या लुनाबद्दल विचारा, ती रंगासकट सांगेल. बेस्टच्या आणि एसटीच्या चाकामागे बाई बसायला मात्र २०२२-२३ उजाडावं लागलं.

चारचाकीत चित्र अजून रेंगाळलेलं आहे. बाईकडे परवाना असतो, शहरात ती मुलांना शाळेत सोडते, पण गाडी हमरस्त्याला लागली की ‘आता मी घेतो’ असं म्हणून स्टिअरिंग बदलतं. घाट आला की नक्कीच. जजमेंट चालवून येतं, आणि चालवायला न मिळाल्यामुळे ते येत नाही. मग ते नाही म्हणून चालवायला मिळत नाही. एका घरात दोन माणसांना गाडी येत असेल तर लांबच्या प्रवासात दोघांनी वाटून चालवणं हा थकव्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. समृद्धीवर तर तो जीव वाचवणारा उपाय आहे.

तर या दिवाळीत गावाला निघाल तेव्हा अर्ध्या वाटेत गाडी थांबवा, किल्ली तिच्या हातात द्या आणि घाट तिलाच उतरवू द्या. सूचना देऊ नका, रिकाम्या जागी ब्रेक दाबू नका. आणि पट्टा लावा, मागे बसलात तरी लावा. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ अपघातात गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.